नळाच्या दिवशीचं विमान

औरंगाबादहून हैदराबादला विमानानं सव्वा तास लागतो. रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, कोणत्या वाटेनं जाता त्यावर थोडं कमीजास्त. हवेतून सरळ रेघ मारली तर सव्वाचारशेच्या थोडं पुढं. हे मला कुणाला विचारावं लागत नाही. तीस वर्षं मी नकाशे काढले. कागदावर पट्टी ठेवून अंतर सांगणं हाच माझा धंदा होता आणि त्यात मी चुकत नसे. तरी अक्काच्या घरापर्यंतचं अंतर मी चुकीचं मोजलं, आणि ती चूक आता कोणत्याही पट्टीनं दुरुस्त होणार नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील कचेरीत कारकून. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी वर्तमानपत्राच्या आड बसायचे. मला वाढवलं ते पंधरा वर्षांच्या अक्कानं. सातव्या वर्षी माझ्या घशातल्या गाठी काढल्या. सरकारी दवाखान्यात आत नेताना मी तिचा हात सोडेना. तेव्हा ती म्हणाली की मी इथं दारातच उभी आहे, तू बाहेर आलास की पहिली मीच दिसेन. मला बाहेर आणलं तेव्हा ती तिथंच होती, त्याच फरशीवर, त्याच भिंतीला टेकून. वडील बाकावर बसले होते. तिला किती वेळा बस म्हटलं पण ती बसली नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

लग्न होऊन अक्का हैदराबादला गेली, काचीगुड्याला. भावजींचं घराणं निजामाच्या काळापासून नोकरीनिमित्त तिकडं राहिलेलं; घरात मराठी, दारात दख्खनी. वर्षभरात अक्का 'हो'च्या जागी 'हौ' म्हणायला लागली आणि आम्ही तिला चिडवायला लागलो. तेव्हा आमच्याकडून मीटरगेजची गाडी जायची. संध्याकाळी बसलं की जालना, परतूर, सेलू, परभणी अशी एकेक स्टेशनं घेत ती दुसऱ्या दिवशी चांगली उन्हं वर आल्यावर काचीगुड्याला टेकायची. पाठ मोडून निघायची. नांदेडला बाटली भरायला उतरलं तर जागा जायची. तरी मी वर्षातून दोनदा जायचो, भाऊबीजेला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. नोकरी लागल्यावर गेलो, लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेलो. एकदाही लांब वाटलं नाही.

अक्काचा एक नियम होता. तो तिनं आईकडून उचलला होता आणि पुढं माझ्या बायकोला देऊन टाकला. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. माणूस वेस ओलांडेपर्यंत काढू नये असं बाकीचे लोक मानतात. आमच्या अक्काला तेवढं पुरायचं नाही. माणूस पोचलं पाहिजे. मी हैदराबादहून निघालो की तिचं घर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच पडलेलं असायचं, शेजारच्या दुकानात माझा ट्रंककॉल येईपर्यंत. सासू कुरकुरायची, ही ऐकून घ्यायची. पुढं मोबाईल आले आणि 'पोचलो' हा एक शब्द कळवणं माझ्या अंगवळणी पडलं. इकडं मी 'पोचलो' म्हटलं की तिकडं ती झाडू हातात घ्यायची. दोन शहरांमध्ये विमान सुरू झालं तेव्हा ती फोनवर म्हणाली की आता बरं झालं, सव्वा तासात केर निघेल.

विमान सुरू झालं आणि माझं जाणं थांबलं. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण झालं ते असंच. पंधरा-सोळा तास लागायचे तेव्हा जाणं ठरवावं लागायचं. रजा टाका, रांगेत उभं राहून तिकीट काढा, वळकटी बांधा. आणि एवढं केल्यावर माणूस जातोच. सव्वा तासासाठी काय ठरवायचं? कधीही जाता येतं, म्हणून मी कधीच गेलो नाही. चार वर्षं. तिचे गुडघे गेलेले, तिला घराबाहेर पडणं होत नव्हतं. दर दिवाळीला ती विचारायची, येऊ राहिलास का? आणि दर दिवाळीला मी म्हणायचो, अगं, सव्वा तास तर आहे. ते मी अशा सुरात म्हणायचो की जणू तो सव्वा तास माझ्या खिशात होता. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी एका सर्व्हेअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. शहर वाढत होतं आणि त्याची बरीचशी वाढ माझ्या टेबलावरून गेली. बिडकीनकडं कारखाने येणार म्हणून तिकडच्या जमिनी, मग पडेगाव, मिटमिटा, सातारा परिसर, चिकलठाण्याच्या पलीकडचा भाग. ज्वारीचं शेत कागदावर घ्यायचं, त्यात नऊ मीटरचे रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे, कोपऱ्यात एक तुकडा बागेसाठी सोडायचा आणि एक छोटा गोल काढून त्याच्याशेजारी लिहायचं, 'पाण्याची टाकी, प्रस्तावित'. हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल त्याला गणती नाही. प्रस्तावित म्हणजे पुढं कधीतरी होईल, असं लोकांना वाटतं. त्याचा खरा अर्थ असा की हे होणार नाही, पण विचारू नका. मला तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळला होता. तरी मी लिहीत राहिलो, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि पडेगावच्या अशाच एका लेआउटमध्ये स्वतःसाठी प्लॉट घेतला. टाकीचा गोल माझ्या घरापासून नकाशावर दोन सेंटिमीटर आहे. जागेवर जाऊन बघाल तर आजही तिथं बाभळी आहेत.

आमच्याकडं पाणी दिवसांत मोजतात. एका नळापासून दुसऱ्या नळापर्यंत जितके दिवस जातात त्याला गॅप म्हणायचं. दोन ओळखीची माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर, आधी तुमच्याकडं गॅप किती? आणि पाणी आलं असं इथं फारसं कुणी म्हणत नाही, नळ आले म्हणतात, पाहुणे आले म्हणावं तसं. नळाच्या दिवशी लोक रजा टाकतात, लग्नाला जात नाहीत. स्थळ बघायला त्या दिवशी येतो म्हटलं तर मुलीकडचे दुसरा वार मागून घेतात, आणि मुलाकडच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. जायकवाडीचं धरण इथून तास-दीड तासावर आहे. पण मी सांगतोय त्या उन्हाळ्यापर्यंत दोन पावसाळे कोरडे गेले होते, धरणात उरला होता तो तळाचा मृतसाठा, आणि आमचा गॅप आठ दिवसांवर गेला होता. आठ म्हणजे कागदावर आठ. कुठं पाइप फुटला, कुठं वीज गेली की नळ आणखी एक दिवस पुढं सरकायचे.

त्याच उन्हाळ्यात अक्काला धाप लागायला लागली. चार पावलं टाकली की बसावं लागायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप निकामी झाली आहे. त्यांचा शब्द अर्थात व्हॉल्व्ह. अक्कानं मला फोन केला तो हसतच. तुमच्या गल्लीतला तो पाणी सोडणारा लाईनमन इकडं पाठव म्हणाली, माझा व्हॉल्व्ह अडकलाय. मीही हसलो. मग तिनं सांगितलं की पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता ऑपरेशन आहे. तिला मूलबाळ नव्हतं आणि भावजी पंच्याहत्तरीला आलेले. ती विचारायच्या आत मी म्हटलं की मी येतोच आहे. 

"काही करू नकोस रे," मग ती म्हणाली. "मला आत नेतील ना, तेव्हा तू दारात उभा राहा. बास."

घशाच्या गाठींचं दोघांनाही आठवलं.

आता ती चूक सांगतो. विमान रोज एकच होतं, सकाळी अकरा चाळीसचं. बुधवारचं तिकीट मिळत होतं. बुधवारी गेलो असतो तर एक दिवस आधी पोचलो असतो, तिच्याजवळ बसलो असतो, संध्याकाळी तिच्या हातचं नाही तर भावजींच्या हातचं काहीतरी खाल्लं असतं. पण बुधवार आमचा नळाचा दिवस होता. बायको आधीच्या आठवड्यात बादलीसकट गच्चीच्या जिन्यावरून घसरली होती, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मुलगी पुण्यात. नळाला मोटार जोडणं, हौद भरणं, चार ड्रम भरणं, वरच्या टाकीत चढवणं, हे एका हातानं कसं व्हायचं? मी हिशेब मांडला. गुरुवारी अकरा चाळीसला निघालं की एकच्या सुमारास हैदराबाद, तिथून दवाखाना फार तर दीड तास, म्हणजे अडीच. चारला अजून दीड तास शिल्लक. नकाशात प्लॉट बसवावा तसं सगळं चोख बसलं. मी गुरुवारचं तिकीट काढलं आणि अक्काला कळवलं. ती हौ म्हणाली.

बुधवारी नळ आले नाहीत. सकाळी सहापासून मी फाटकाजवळच्या खड्ड्यात, जिथं आमची तोटी आहे तिथं, दर अर्ध्या तासानं वाकून बघत होतो. दुपारी लाईनमन मोटारसायकलवरून गेला. पैठण रोडवर मोठी लाईन फुटली म्हणाला, उद्या बघा. हौदात तळाला गाळ दिसत होता. चार ड्रमांपैकी तीन रिकामे, चौथ्यात हात कोपरापर्यंत घातला तर पाणी लागायचं. बायकोनं त्या दिवशी डाव्या हातानं भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसली. मी म्हटलं काही हरकत नाही, उद्या नळ आले तर शेजारी तुला मदत करतील. ती नुसती हसली, कारण ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. नळाच्या वेळी आमच्या गल्लीत कुणी कुणाला मदत करत नाही. एकाच पाइपला पंचवीस मोटारी लागलेल्या असतात. माझी मोटार बंद असली की शेजाऱ्याचा ड्रम लवकर भरतो, आणि त्याला हे माहीत असतं. एरवी तो भला माणूस आहे. स्वतःच्या आईच्या तेराव्याला जेवायला बोलावणारा, आजारपणात डबा आणणारा. पण नळाच्या दिवशी तोही तसा आणि मीही तसाच.

गुरुवारी रिक्षा साडेनऊला सांगितली होती. पडेगाव शहराच्या एका टोकाला आणि विमानतळ दुसऱ्या, मध्ये अख्खं शहर. पाऊण तास धरायचा. सव्वानऊला मी कपडे करून तयार होतो. पिशवी आत खुर्चीवर ठेवलेली, अक्कासाठी घेतलेली नानखटाई वर. तेवढ्यात शेजारी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मग पलीकडची, मग समोरची. ज्याला त्या आवाजाची सवय नाही त्याला सांगून कळायचं नाही. नऊ दिवस कोरडे गेल्यावर तो आवाज आला की माणूस विचार करत नाही, पळतो. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरलो.

बायको पायरीवर आली. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी बघते काय होतं ते."

मी म्हटलं, पंधराच मिनिटं. मी खरंच पंधरा मिनिटंच धरली होती. पण मोटारीनं आधी नुसती हवा ओढली. मग पिवळं पाणी आलं, ते सोडून द्यावं लागलं. मग धार आली ती करंगळीएवढी. रिक्षावाला येऊन फाटकाशी उभा राहिला. त्यानं घाई केली नाही. तो स्वतःच घरी फोन लावून विचारत होता की तिकडं नळ आले का. पहिला ड्रम भरायला वीस मिनिटं लागली. तेव्हा मी निघायला पाहिजे होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, उगाच नंतर सुचलं असं म्हणणार नाही. घड्याळ माझ्या हातावर होतं आणि मी ते बघत होतो. पण हौद तसाच कोरडा होता, पुढचे नळ आठ दिवसांनी, कदाचित नऊ, आणि धार वाढेल असं मला प्रत्येक मिनिटाला वाटत होतं. वाहतं पाणी सोडून जायचं माझ्या हातून होईना. नळी मी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. तो अर्धा झाला तेव्हा धार तुटली. मोटार पुन्हा हवा ओढायला लागली आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकेक करून बंद झाल्या. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हौदात एक थेंब गेला नव्हता.

ओल्या पायांनीच आत जाऊन मी पिशवी उचलली. चपला घालायच्या, की बूट, हे ठरवण्यातही एक मिनिट गेलं.

जालना रोडवर जे व्हायचं ते झालं. क्रांती चौकात एक सिग्नल हुकला, पुढं सेव्हन हिल्सला दोन. ज्या गावात माझ्या लहानपणी टांगे रस्त्याच्या मधून चालायचे तिथं आता रिक्षाचं चाकही पुढं सरकेना. यातल्या किती गाड्या मी आखलेल्या प्लॉटांवरून निघाल्या असतील असा एक विचार येऊन गेला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "अंकल, अब नै होता." तरी तो जमेल तशी पळवत राहिला. विमानतळावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

काउंटरवरची मुलगी आमच्याच गावची होती, बोलण्यावरून कळलं. काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाल्याचं तिनं सांगितलं. काचेतून विमान दिसत होतं, पंख्याचं, लहानसं, त्याच्या शिडीवर अजून माणसं चढत होती. माझ्यापासून किती असेल? शंभर मीटर, दीडशे. मी तिला बहिणीचं सांगायला पाहिजे होतं. ऑपरेशनचं सांगायला पाहिजे होतं. माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच की नळ आले होते.

तिनं मान वर केली. "कोणता एरिया?"

"पडेगाव."

"आमच्याकडं पण आज आले," ती म्हणाली. मग तिनं वर कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ हळू आवाजात बोलली, आणि नकारार्थी मान हलवली. तिचा काही दोष नव्हता. माझी पँट अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, ते तिनं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि अक्काला फोन लावला. तो तिनंच उचलला. आवाज बारीक झाला होता. मी सांगितलं की विमान चुकलं.

"कामून रे?"

"नळ आले होते."

मी थांबलो. ती रागावेल, निदान एक सुस्कारा टाकेल असं वाटलं. तसं झालं असतं तर मला पुढं जगायला सोपं गेलं असतं.

"भरलंस का सगळं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "सगळं भरलं."

"बरं झालं. एका हातानं ती काय करणार होती." मग म्हणाली, "आता उन्हाचा रस्त्यानं निघू नकोस. हे आहेत इथं दारात."

पस्तीस वर्षं ती हैदराबादला राहिली, पण नळ आल्यावर माणूस जागचा हलत नाही हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं मला तिथल्या तिथं माफ करून टाकलं, आणि तेही मी खोटं बोललो त्यावर. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते खोटं आहे. दीड ड्रम भरला होता.

मी निघालोच. विमानतळाबाहेर भाड्याची गाडी मिळाली. बीड, अंबाजोगाई, लातूर, उदगीर. चारच्या आत पोचणं कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं, तरी मी दर दगडावरचा आकडा वाचत होतो आणि वजाबाक्या करत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजून पांढरी पडलेली. प्रत्येक गावाबाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग, घागरीजवळ माणूस नाही. चार वाजले तेव्हा आम्ही अंबाजोगाईच्या अलीकडं होतो. मी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. का ते ड्रायव्हरला सांगितलं नाही. तिला आत्ता आत नेत असतील तर मी निदान उभा तरी असावा, एवढंच. दहा मिनिटांनी परत गाडीत बसलो. हा मूर्खपणा मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही.

उदगीर मागं पडलं आणि दिवस मावळायला आला तेव्हा भावजींचा फोन आला. हृदय पुन्हा सुरूच झालं नाही म्हणाले. सगळं नीट चाललं होतं, डॉक्टरांनी फार प्रयत्न केले म्हणाले. मी विचारायला नको होतं, पण विचारलं की तुम्ही दारात होतात का. ते म्हणाले की वरच्या मजल्यावर फार वेळ उभं राहवेना, म्हणून खाली बाकावर येऊन बसलो होतो. मग ते रडायला लागले. ते म्हातारे आहेत, त्यांना मी काय बोलणार? वडील बाकावर बसले होते आणि भावजीही बाकावर बसले. दारात उभं राहणारं आमच्या घरात एकच माणूस होतं, आणि त्या दिवशी नेमकं तेच आत होतं.

हैदराबादला गेल्यावर मी घरी 'पोचलो' असं कळवलं नाही. बायकोला अक्का गेल्याचं सांगितलं, कुठं आहे ते सांगितलं, पण तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. कुठं पोचलो होतो मी?

तीन दिवस करायचं ते सगळं केलं. तिच्या कपाटात माझी जुनी पत्रं होती, मीटरगेजच्या काळातली, आणि प्रत्येकात वर गाडीची वेळ लिहिलेली. चौथ्या दिवशी भावजींच्या पुतण्यानं माझं परतीचं तिकीट काढून दिलं, विमानाचं. त्या विमानात मी पहिल्यांदा बसलो तो असा. वैमानिकानं शहराचं नवं नाव घेऊन सांगितलं की आपण एक तास दहा मिनिटांत उतरू. शेजारचा माणूस नाश्त्याचा कागद उलगडून खाऊन संपवेपर्यंत अर्धा प्रवास झाला होता. खरंच काहीच लांब नाही. डोळे मिटून उघडले तर खाली धरणाचा तळ दिसला, भेगाळलेला, मध्ये डबक्याएवढं पाणी. मग शहर आलं. सगळ्या गच्च्यांवर काळ्या टाक्या. मला माझे लेआउट वरून ओळखू आले, नऊ मीटरचे रस्ते, बागांचे तुकडे, आणि जिथं जिथं मी गोल काढला होता तिथं मोकळी माती. पट्टी ठेवल्यासारखं सगळं जागच्या जागी होतं. उतरेपर्यंत मी खिडकीतून तोंड फिरवलं नाही, कारण शेजारच्यानं माझ्याकडं बघितलेलं मला चाललं नसतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. सुतकातून आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, म्हणून बायको बाहेरच थांबली होती. उघड्या दारातून आतली फरशी दिसत होती. चार दिवस तिनं केर काढला नव्हता. माझा 'पोचलो' गेला नव्हता ना. धुळीत माझ्या गुरुवारच्या ओल्या पावलांचे ठसे वाळून राहिले होते, ड्रमापासून पिशवीपर्यंत जाणारे आणि पिशवीपासून दारापर्यंत.

तिनं डाव्या हातानं ओढत अर्धी बादली अंगणात आणून ठेवली होती, वर तांब्या.

"जरा जपून घ्या," ती म्हणाली. "नळ अजून आले नाहीत."

मी खाली बसलो आणि पहिला तांब्या डोक्यावर घेतला. गुरुवारचंच पाणी होतं ते.